हापुसाचे नाव

श्रीवर्धनच्या बागाइतदाराने वर्षभर कलमे राखावी आणि कर्नाटकातील आंबा ‘कोकणचा हापूस’ म्हणून स्वस्तात खपावा, याला व्यापार म्हणता येत नाही. कर्नाटकचे फळ वाईट नव्हे. त्याने आपल्या नावाने यावे. वरून पाहून गिऱ्हाइकास फरक कळत नाही. दोनदा फसल्यावर ते खऱ्या हापुसालाही पुरते दाम देण्यास कचरते. मग खतराखणीचा खर्च सोसणाराच मागे हटतो आणि लबाडाचे फावते.

२०१८ साली रायगडसह कोकणच्या पाच जिल्ह्यांतील हापुसाला भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. परंतु खूण पेटीवर असते, आणि रिकामी पेटी कोणालाही पुन्हा भरता येते! ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धनच्या बागा मोडल्या. नवे कलम भरघोस फळास येण्यास वर्षे लागतात. तोवर बागाइतदाराचे नाव इतरांनी विकून खावे काय?