पंचनामा आणि समुपदेशन

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने कीटकनाशक पिऊन प्राण दिला, तर त्याच्या पत्नीला ती हकीकत किती वेळा सांगावी लागते? पोलिसांपुढे, तलाठ्यापुढे, तहसिलीत, बँकेत. २००६ पासून चालत आलेल्या एक लाखाच्या मदतीसाठी मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. तेच शासन २०१५ पासून यवतमाळसह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ चालवून समुपदेशनाची ग्वाही देते. एका हाताने खपली काढायची, दुसऱ्याने पट्टी बांधायची, आणि अहवालात दोन्ही कामे ‘पूर्ण’ दाखवायची!

आपल्यातील काही साथी म्हणतात, मानसोपचार ही मध्यमवर्गाची चैन आहे. कर्ज फिटले की मन सावरेल. अर्थशास्त्र शिकवताना मीही कैक वर्षे हेच बोलत आलो. ते चूक होते. कर्ज माफ झाले म्हणून रात्री दचकून उठणे थांबत नाही.

पण शासनाचा युक्तिवादही तितकाच पोकळ आहे. आघातोत्तर तणाव हा विकार १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या निदानग्रंथात घातला, तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. त्या सैनिकाचे युद्ध निदान संपले होते. छावणीतल्या निर्वासिताचे संपलेले नसते, आणि आपल्या या भगिनीचेही नसते. मृगापूर्वी बियाण्याची उधारी पुन्हा दारात उभी असते.

‘तज्ज्ञ कोठून आणायचे?’ ही सबब तर ऐकूच नये. युगांडातील नाकिवाले वसाहतीत रवांडन व सोमाली निर्वासितांमधूनच माणसे निवडून त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले गेले. आयुष्याची कहाणी आरंभापासून, क्रमाने, विश्वासाच्या माणसाला सांगायची, एवढीच ती उपचारपद्धती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचा गुण स्पष्ट दिसला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या बळावर नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत शेकडा ४ वरून २७ वर नेले. उणीव आहे ती पगार देण्याच्या इच्छेची. आशाताईंच्या हाती आणखी एक सर्वेक्षणाचा फॉर्म देऊन ती भरून निघणार नाही.

नाकिवालेत सांगितल्याने मन हलके होते, तहसिलीत तीच कहाणी मन फाडते. कारण तेथे ऐकणारा खोटे पकडायला बसलेला असतो. आणि आपण? मोर्चात तिला पुढे उभी करून ध्वनिक्षेपकावर तेच पुन्हा सांगायला लावतो. एक पंचनामा आपलाही असतो, साथींनो.

तेव्हा मागणी नेमकी करू या. जबाब एकदाच, एकाच ठिकाणी, तिच्या घरी घ्यावा आणि सर्व खात्यांनी तोच ग्राह्य मानावा. गावातल्याच स्त्रियांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन कायम वेतनावर नेमावे. ‘महिला किसान अधिकार मंचा’च्या २०१८ च्या पाहणीत विदर्भ-मराठवाड्यातील अशा सुमारे ४० टक्के स्त्रियांना, ज्या शेतात त्या राबतात त्याच शेताचा हक्क मिळालेला नव्हता. म्हणून समुपदेशक पहिल्यांदा तिच्या दारी जाईल, तेव्हा सोबत तलाठ्याने वारसाची नोंद झालेला सात-बारा घेऊन जावे.