न्यू लिनहून: निर्गुडीची धिप्पाड बहीण



न्यू लिनमध्ये आपल्यापैकी कुणी घर घेतलं की थोड्याच दिवसांत एक प्रश्न येतोच: "मागचं मोठं झाड पाडावं का हो? फार सावली पडते." माझं उत्तर ठरलेलं. झाड पूरिरीचं असेल तर थांबा!

ओळखायचं कसं? पान हाताच्या पंजासारखं, तीन ते पाच पानं एका देठावर, हिरवीगार आणि चकचकीत. गावाकडे ओढ्याकाठची निर्गुडी ज्यांनी पाहिलीय त्यांना ओळखीचं वाटेल, आणि ते खरंच आहे. दोघींचं शास्त्रीय आडनाव एकच, व्हायटेक्स. निर्गुडी झुडूपच राहते, ही मात्र २० मीटरपर्यंत जाते. आपला सागही याच कुळातला, म्हणजे लांबचा चुलत.

सागासारखंच हिचं लाकूडही नामी, न्यूझीलंडमधल्या सर्वांत कठीण लाकडांपैकी एक. कुंपणाचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर यासाठी ते भरपूर वापरलं गेलं. त्यात ही वाढायची सुपीक जमिनीत, म्हणून शेतीसाठीही तोडली गेली. पूरिरीची जुनी राई आता क्वचितच दिसते.

माओरी लोक हिची पानं उकळून त्या पाण्याने मुरगळलेला पाय, दुखरी कंबर शेकत. आपल्याकडे आजी निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधायची. कुठे वाई, कुठे वायटाकेरे, पण युक्ती तीच! अर्थात आईबाबा इकडे आले की हा पाला त्यांच्या गुडघ्याला बांधू नका. बहिणी असल्या तरी गुण सारखेच असतील असं नाही.

थांबा म्हणण्याचं खरं कारण पक्षी. पूरिरीला थोडीफार फुलं-फळं वर्षभर असतात आणि मुख्य बहर येतो ऐन हिवाळ्यात. इतर झाडं रिकामी असताना तुईला मध मिळतो, केरेरू कबुतराला लालबुंद फळं.

आणि कायदा? २०१२ पासून शहरातल्या खाजगी आवारातल्या झाडांना सरसकट संरक्षण राहिलेलं नाही. कौन्सिलच्या यादीतली आणि काही ठराविक भागांतली झाडं सोडली, तर बाकीच्यांचं भवितव्य घरमालकाच्या हातात. म्हणजे आपल्याच.

तेव्हा आधी कौन्सिलकडे चौकशी करा, मग झाडांच्या जाणकाराला बोलवा. बऱ्याचदा चार फांद्या विरळ केल्या तरी ऊन आत येतं.