पडद्याआडची गुणवत्ता

आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. संगीत, नृत्य, नाट्याच्या शिक्षणाचा विषय असेल तर त्याच्या जोडीला "कलेला जात नसते" हे सुभाषितही ऐकवले जाते. कलेला जात नसेल. पण कला शिकवणाऱ्या संस्थेला दार असते आणि त्या दारात कोणीतरी बसलेले असते. आत कोण जाणार हे तो ठरवतो. अमेरिकेतील एका खाजगी संगीत संस्थेचा इतिहास या दृष्टीने आपल्या समाजाने समजून घेण्यासारखा आहे.

फिलाडेल्फिया शहरातील कर्टिस इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक ही संस्था १९२४ साली मेरी लुईस कर्टिस बोक या धनिक बाईंनी काढली. वडील सायरस कर्टिस हे मासिकांच्या धंद्यातले बडे प्रस्थ. १९२८ पासून या संस्थेत शिक्षणाची फी घेतली जात नाही. पैसा नको, वशिला नको, फक्त वाजवून दाखवा आणि आत या. आपल्याकडचे गुणवत्तावादी ज्या शुद्ध स्पर्धेच्या गप्पा मारतात, ती इथे कागदोपत्री तरी पूर्ण होती.

या दारात १९५१ साली युनिस वेमन नावाची अठरा वर्षांची काळी मुलगी उभी राहिली. नॉर्थ कॅरोलिनातील ट्रायन या छोट्या गावची. आई धर्मोपदेशक, शिवाय गोऱ्यांच्या घरी घरकाम करणारी. मुलीचा हात पियानोवर असा चालायचा की तिच्या शिक्षणासाठी गावाने वर्गणी काढली. लहानपणीच्या एका जाहीर कार्यक्रमात गोऱ्यांना जागा देण्यासाठी तिच्या आईवडिलांना पुढच्या रांगेतून उठवले गेले. ते परत पुढे बसेपर्यंत ती वाजवायला तयार झाली नाही. कर्टिसच्या तयारीसाठी १९५० च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये शिकली. पाठोपाठ घरही फिलाडेल्फियाला आले. आणि कर्टिसने तिला नाकारले! पुढे पोटासाठी अटलांटिक सिटीच्या बारमध्ये पियानो वाजवताना, आईला कळू नये म्हणून तिने नाव बदलले. तीच जगप्रसिद्ध गायिका नीना सिमोन. वर्णामुळेच आपल्याला नाकारले, असे ती आयुष्यभर सांगत राहिली. २००३ च्या एप्रिलमध्ये, तिच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी, कर्टिसने तिला मानद पदवी दिली. जिवंतपणी दार बंद आणि मरणाच्या उंबरठ्यावर सन्मान, हा प्रकार आपल्यालाही नवा नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संस्थेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, जागा मोजक्या होत्या, वर्णाचा संबंध नव्हता. जॉर्ज वॉकर हा काळा पियानोवादक १९४५ सालीच कर्टिसमधून पदवी घेऊन बाहेर पडला होता. घटकाभर हेही मान्य करू. तरी प्रश्न उरतोच. परीक्षकांनी रंग पाहिला नाही, मग पाहिले काय? त्या दिवशीची बोटे. त्या बोटांमागे कोणाच्या घरी पियानो होता आणि कोणासाठी गावाला वर्गणी काढावी लागली, हे त्यांच्या तक्त्यात मांडायला रकानाच नव्हता.

अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० च्या दशकापासून उमेदवाराला पडद्याआड बसवून वाजवायला लावण्याची पद्धत रुजवली. चेहरा दिसू नये, फक्त सूर ऐकू यावा. स्त्रियांची संख्या वाढली. पण २०१४ च्या पाहणीत काळे वादक दोन टक्केही नव्हते! कारण पडदा परीक्षेच्या दिवशी लागतो. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांच्या शिकवणीवर कोणता पडदा लावणार? त्याच २०१४ साली अँथनी मॅकगिल हा क्लॅरिनेटवादक न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा पहिला काळा प्रमुख वादक झाला. तो कर्टिसचाच विद्यार्थी. पण त्याआधी शिकागोत एका सामाजिक संगीतशाळेने त्याला लहानपणी घडवले. त्या शाळेचे नाव 'मेरिट'! मेरिट आकाशातून पडत नाही, ते शाळा काढून घडवावे लागते, हे त्या लोकांनी पाटीवरच लिहून ठेवले.

आता आपल्याकडे पाहा. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती, ज्यांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार वाडी-वस्तीवर नेला, त्यांची पोरे खाजगी संगीत-नाट्य संस्थांच्या प्रवेशाच्या रांगेत किती दिसतात? वाद्य आम्ही वाजवायचे आणि प्रमाणपत्र दुसऱ्याने भिंतीवर लावायचे, ही वाटणी कोणी केली? ९३ व्या घटनादुरुस्तीने (२००५) खाजगी शिक्षणसंस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कलाशिक्षणाच्या खाजगी संस्थांबाबत तो वापरा, ही मागणी आपल्या संघटनांनी निवेदनात लिहून मंत्रालयात दिली पाहिजे.

मात्र कायदा फार तर दार उघडेल. दारापर्यंत पोचायची दहा वर्षे आपल्यालाच उभी करावी लागतील. वस्तीवस्तीत बुद्धविहार आहे, तिथे रविवारचे दोन तास मोकळे निघू शकतात. हार्मोनियम, तबला, जमल्यास की-बोर्ड. शिकवायला आपल्याच गायन पार्ट्यांतील जाणती माणसे आहेत, जी हंगाम सोडला तर रिकामी बसतात. त्यांच्या मानधनाचे काय, असे विचारणाऱ्या मंडळांनी गेल्या जयंतीला डीजेचे भाडे किती दिले, तो आकडा आधी काढावा.