खंबाटकीत तापलेली गाडी

खंडाळा सोडून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीचा चढ लागतो. उन्हाळ्यात ट्रकांमागे पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या लिक्विड-कूल्ड बाइकचा तापमानाचा दिवा पेटतो तो इथेच. लगेच इंजिन खोलायला देऊ नका, माझं कळकळीचं सांगणं आहे. रांगताना तापते आणि वेग घेतला की निवते, तर दोष बहुधा पंख्याचा. आधी फ्यूज आणि रिले बघा. मोकळ्या रस्त्यावरही तापत असेल तर कूलंटची पातळी, चिखलाने बुजलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट तपासा. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब गळतोय? सील गेलं. हेड गॅस्केटचा संशय शेवटी, कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर उसळतं.