'मेहवासी' : विशेषण की निवाडा?

१/ १८७४ च्या अनुसूचित जिल्हा कायद्याच्या इंग्रजी परिशिष्टात एक अपरिचित विशेषण भेटते : 'मेहवासी'. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली व नवलपूर येथील सहा प्रमुखांच्या गावांना ते लावलेले आहे. हा मुलूख म्हणजे आजचा अक्कलकुवा व त्याच्या लगतचा सातपुडा.

२/ इंग्रज अधिकाऱ्यांनी शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा उचलला. मग त्याचा अर्थ काय?

३/ एक व्युत्पत्ती सांगते : 'महीवासी', म्हणजे मही नदीकाठचे रहिवासी. ऐकायला सोज्वळ, परंतु मही नर्मदेच्या उत्तरेला गुजरातेत वाहते आणि अक्कलकुवा नर्मदेच्या दक्षिणेला आहे. येथील माणसांचा ठावठिकाणा त्या नावाने कळत नाही.

४/ दुसरी वाट फारसी तवारिखांकडे जाते. तेथे 'मवास' म्हणजे सत्तेला न जुमानणारा दुर्गम प्रदेश. गुजरातेत गावांचे दोन वर्ग होते : निमूट सारा भरणारी 'रास्ती' आणि फौज दारात आल्याखेरीज न भरणारी 'मेवासी'. 'रास्त भाव' म्हणताना आपण जो शब्द वापरतो, तोच हा 'रास्त'. न झुकणारा तो आपोआपच गैररास्त ठरला!

५/ म्हणूनच दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते. 'मेहवासी' हा कुणाचा स्वभाव नव्हे. तो खजिन्याने दिलेला निवाडा आहे. दप्तरात वारंवार लिहिला गेला की असा निवाडा जमातीचा गुणधर्म भासू लागतो. इतिहासाच्या वाचकाने अशा विशेषणापुढे पहिला प्रश्न विचारावा : हे म्हणणारा कोण, आणि त्याला काय हवे होते?

६/ 'महीवासी' हा अर्थ निरुपद्रवी म्हणून स्वीकारणेही योग्य नाही. त्याने कलंक पुसला जातो, पण त्याबरोबर या डोंगरांची नकार देण्याची ताकदही पुसली जाते.

७/ पुढे शब्दाचे दैव पालटले. १९५० च्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशात याच मेहवासी प्रमुखांची गावे पुन्हा नोंदली गेली. या वेळी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या संरक्षणासाठी. कायद्यातील 'पारवी', 'वालवी', 'वसावा' ही इंग्रजी वळणाची नावे पाडवी, वळवी, वसावे म्हणून आजही शाळांच्या हजेरीपटावर आहेत. निवाडा देणारे गेले. ज्यांच्यावर तो दिला गेला, ते तेथेच आहेत.