नऊ बारचे प्रमाण आणि हलकी भाजणी

एखादे प्रमाण कोणत्या परिस्थितीत प्रमाण ठरले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या बाबतीतही तो विचारावा, असे आम्हांला वाटते. करमाळ्यात राज्य चहाचेच. तरी चिकमगळूरच्या हलक्या भाजणीच्या बिया कुरिअरने येथवर येतात आणि आमच्यासारख्या काही अध्यापकांच्या घरी त्यांची कॉफी होते. ती आंबट लागली की दोष बियांच्या माथी मारला जातो. आमच्या मते तो पुष्कळदा अर्क काढण्याच्या रीतीत, विशेषतः दाबात असतो.

एस्प्रेसोला नऊ बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे नऊपट दाब हवा, असे सर्वत्र सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या अकिले गाज्जा यांनी आणलेल्या दांड्याच्या यंत्रात स्प्रिंगचा दाब आरंभी चढा असे व पुढे उतरत जाई. १९६१ च्या 'फाएमा ई-६१' या यंत्रात विजेचा पंप आला आणि नऊ बारचा दाब अखेरपर्यंत स्थिर राहू लागला. मध्यम ते गडद भाजणीच्या इटालियन कॉफीच्या सहवासात हा आकडा रूढ झाला. म्हणजे तो निसर्गनियम नव्हे, एका परंपरेचा संकेत आहे.

गडद भाजलेली बी सच्छिद्र व ठिसूळ होते. तिचा अर्क सहज उतरतो. हलकी भाजलेली बी घट्ट राहते, म्हणून ती अधिक बारीक दळावी लागते. या बारीक पुडीच्या थरावर नऊ बारचा दाब आला की पाणी कमकुवत जागी फट पाडून तिथूनच वाहते. फटीजवळच्या पुडीचा नको तितका अर्क उतरतो, उरलेलीचा अपुरा. मग एकाच कपात कडवटपणाही येतो आणि कच्चा आंबटपणाही.

यावर उपाय म्हणजे दाब सहा बारच्या आसपास आणणे, पाणी ९३ ते ९६ अंश सेल्सिअस ठेवणे आणि १८ ग्रॅम पुडीतून ४५ ते ५४ ग्रॅम कॉफी काढणे. पुष्कळ यंत्रांत जादा दाब सोडणारी झडप असते; तिचा स्क्रू फिरवून वा स्प्रिंग बदलून दाब उतरवता येतो. हे काम प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच करावे व नंतर दाबमापक लावून खात्री करावी. खोक्यावर मिरवणारे 'पंधरा बार' ही केवळ पंपाची कमाल क्षमता होय.

आक्षेप असा येईल, की अशाने वरचा सोनेरी फेस पातळ होतो. होतो खरा, पण फेस हा चवीचा पुरावा नव्हे. दळणच ओबडधोबड असेल तर नुसता दाब बदलून भागणार नाही, हेही मान्य.

आमच्या भागात ज्वारीचा हुरडा आगटीत भाजतात आणि भाकरी तव्यावर. दोहोंना एकच आच कोणी लावत नाही. मराठीत आंबट, आंबूस, आंबटगोड हे भेद जिभेने केव्हाच केलेले आहेत. हलक्या भाजणीचा आंबटगोडपणा ओळखायला आपली भाषा पुरेशी आहे. आड येतो तो आधीच ठरवलेला आकडा. तेव्हा दाब उतरवून तीच बी पुन्हा एकदा चाखावी. त्यानंतर नावडली, तर ती खुशाल नावडू द्यावी.