रोज पोस्ट टाकली नाही तर काय बिघडतं?

"भाऊ, आठ दिवस झाले, काहीच लिहिलं नाही. रोज टाकत जा, नाहीतर लोक विसरतात." हिंगोलीत हा सल्ला मला हमखास मिळतो. देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र चुकीचा आहे.

रोज लिहायचं म्हणजे रोज नवा विषय लागतो. सोमवारी खड्डे, मंगळवारी जळालेली डीपी, बुधवारी पीकविमा, गुरुवारी शाळेची गळकी खोली. साहेबांना एवढं पक्कं कळलंय की दोन दिवस गप्प बसायचं, पोरं आपोआप दुसऱ्या विषयावर जातात. मग आपल्या रोजच्या लिहिण्याचा फायदा कुणाला होतो, सांगा बरं?

शिवाय कागद रोज मिळत नाही. माहिती अधिकारात उत्तर द्यायलाच ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर नाही आलं की पहिलं अपील, त्याला आणखी ३० ते ४५ दिवस. तोवर रोज लिहिणारा कशावर लिहिणार? ऐकीव गोष्टींवर. त्यात एक आकडा चुकतो आणि तेवढा दाखवून अख्खी तक्रार उडवून लावतात. आपल्या वसमतचा शेतकरीसुद्धा ओली हळद मोंढ्यात नेत नाही. शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो, मगच नेतो.

'लोक विसरतात' म्हणे! ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' निघालं ते पाक्षिक म्हणून. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी काढलेला 'मूकनायक'ही पाक्षिकच. पंधरा दिवसांनी येणारं ते पत्र शंभर वर्षांनंतरही आपल्या लक्षात आहे. परवाची व्हायरल पोस्ट कोणती होती, आठवतंय का?

हां, कयाधूला पूर आला तर दिवसातून दहादा लिहा. कोणता रस्ता बंद, कुठे मदत पाहिजे, हे तिथल्या तिथे कळलंच पाहिजे. पण ती सूचना झाली. तक्रारीचं काम वेगळं.

म्हणून माझं ठरलंय. महिन्यातून दोनदा, १ आणि १५ तारखेला. एका वेळी एकच विषय, कागदासह, आणि निकाल लागेपर्यंत तोच. लाईक कमी पडले तर पडू द्या. साहेबांना मात्र माहीत पाहिजे की १५ तारखेला हा माणूस पुन्हा त्याच प्रश्नावर येणार आहे.

तुमच्या गावचा विषय असेल तर कागदासकट पाठवा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा.